मामांचं देणं

वडिलांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी अजून चालते, म्हणून लोक माझं कौतुक करतात. ते खरं मामांचं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्र्याच्या शेडखाली बसणारे ते मिस्त्री. सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीचं १०८९ सीसीचं इंजिन तसं साधं. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं आणि त्यात रोवलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड पोलादी. गोम इथंच. वर्षानुवर्षं आच आणि ओल खाऊन स्टड आट्यांत असा जाम होतो की जोर लावला तर सुटत नाही, सरळ तुटतो. आमचा एक स्टड आधीच्या गॅरेजवाल्यानं तसाच तोडून ठेवला होता. वर सल्ला, ‘हेडच बदला.’ कुठून आणायचं, ते मात्र सांगितलं नाही!

मामांनी तुटका भाग नखानं चाचपला. जेमतेम दोन आटे वर होते. त्यावर नट ठेवून त्याच्या भोकातून वेल्डिंग मारलं. पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे हेडाला धोका नव्हता. मग भोवतीचं हेड शेगडीच्या आचेवर तापवलं आणि स्टडच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत ओढलं गेलं. अॅल्युमिनियम तापलं की पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, हे मी कॉलेजात पाठ केलं होतं. त्याचा उपयोग काय, ते इथं समजलं.

मी पाना उचलला, तर म्हणाले, “दमानं घे लेका. आधी आवळ, मग सोड. पाना मऊ लागला की थांबायचं, स्टड तुटायच्या बेतात असतोय.” थोडा जोर पुढे, थोडा मागे. बऱ्याच वेळानं ‘कट्’ झालं आणि स्टड फिरला.

पैसे विचारले, तर फक्त रॉडचे घेतले. पुढे कितीदा तरी त्यांच्याकडे गेलो, प्रत्येक वेळी काहीतरी शिकून आलो. फी द्यायची राहिलीच. आता मामा नाहीत.

तुमच्या दारात जुनी गाडी असेल आणि स्टड हलत नसेल, तर पान्याला लांब पाइप लावून झोंबू नका. नवा स्टड बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस चोपडा. आणि हेड भंगारात घालण्याआधी गावातला एखादा म्हातारा मिस्त्री गाठा.