फडके रोडवरची फेणे मंडळी

ठाण्याला धिम्या गाडीत बसा. कळवा, मुंब्रा, दिवा, कोपर करत डोंबिवली येईल. पूर्वेला उतरलं की जवळच फडके रोड, टोकाला गणपतीचं देऊळ. दिवाळीच्या पहाटे इथं नटूनथटून जमणारी तरुण मंडळी पाहायला आपण येतोच. पण एकदा साध्या दिवशी, दिवेलागणीला या. पाठीवर ओझं घेतलेली अकरावी-बारावीची मुलं एका क्लासातून दुसऱ्या क्लासाकडे धावत असतात. ठाण्यात नौपाड्याला, पुढं कल्याणला स्टेशनबाहेरही हेच चित्र, नाही का?

या गर्दीत मला हटकून 'फास्टर फेणे' आठवतो. भा. रा. भागवतांच्या पुस्तकांतला हा फुरसुंगीचा बनेश 1980 च्या दशकात दूरदर्शनवर मालिकेत आला, तेव्हा तो सुमीत राघवन झाला होता. मग 27 ऑक्टोबर 2017 ला, दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच, तो मोठ्या पडद्यावर आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार, फेणे झाला अमेय वाघ. दिलीप प्रभावळकर तर चक्क भागवतांच्याच भूमिकेत! ही कल्पना मला फार गोड वाटली.

पण हा बन्या आता शाळकरी नाही, बरं का. तो पुण्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायला आलेला. तिथं भेटलेला एक मुलगा जातो. आत्महत्या, असं सगळे म्हणतात. याला ते पटत नाही. शोध घेता घेता प्रवेशाच्या काळ्या धंद्यातला अप्पा समोर येतो. गिरीश कुलकर्णींनी तो असा रंगवलाय की अंगावर काटा यावा.

मला मात्र अप्पापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटली. परीक्षेचा ताण म्हटलं की पुढं कुणी काही विचारतच नाही! पडद्यावरच कशाला, आपल्या जिन्यातही ते तसंच चालतं. आणि पेपरफुटी म्हणाल, तर 2024 ला 'नीट'चं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलंच की.

तेव्हा हा चित्रपट मिळेल तेव्हा घरातल्या बारावीच्या मुलामुलीला शेजारी घेऊन पाहा. धाकट्यांना नको, मारामारी बरीच आहे. संपल्यावर मार्कांचा विषय काढू नका. क्लासात शेजारी कोण बसतं, ते विचारा. माझ्या ओळखीच्या एका बाईंना दोन वर्षांत ते नावही ठाऊक नव्हतं.