एका रुपयाची वर्गणी

मुलांनो, आज मी तुम्हाला माझीच एक फजिती सांगणार आहे. खरं म्हणजे तिला फजितीपेक्षा चूकच म्हणायला हवं. मोठी माणसं आपल्या चुका लहानांपुढे सहसा कबूल करत नाहीत. पण ही कबूल केल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही राहतो शहापूरला आणि माझी थोरली बहीण मुरबाडला. तिचा मुलगा आठवीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडे आला होता. सकाळी माहुलीच्या डोंगराकडे बघत दात घासायचे, दुपारी अढीतले आंबे संपवायचे आणि संध्याकाळी माझ्या मोबाइलवर क्रिकेटचा गेम खेळायचा, असा भाचेबुवांचा दिनक्रम!

एके दिवशी बँकेचा मेसेज आला. माझ्या खात्यातून २९९ रुपये गेले होते. पाठोपाठ दुसरा मेसेज. सिनेमे आणि गेम दाखवणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. 'आपली मासिक वर्गणी मिळाली, धन्यवाद!' आणि वर माझं पूर्ण नाव. मी तर त्या कंपनीचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

आता सांगा, माझा संशय कुणावर गेला असेल? बरोबर ओळखलंत!

"काय रे, कशावर बोट दाबलंस?"

"मामा, मी काही नाही केलं. आईशप्पथ!"

"मग काय पैसे आपोआप गेले? फोन तुझ्याच हातात असतो ना?"

तो गप्प झाला. बायको म्हणाली, "अहो, आधी नीट बघा तरी!" पण मी कसला बघतोय? फोनमधले सगळे गेम काढून टाकले आणि वर अर्धा तास भाषण दिलं. दोन दिवसांनी "आईची आठवण येते" म्हणून भाचा एस.टी.ने मुरबाडला निघून गेला. अढीतले आंबे तसेच राहिले.

जून उजाडला. पाऊस सुरू झाला, शाळा भरल्या. आणि बरोबर त्याच तारखेला पुन्हा २९९ रुपये गेले! फोन माझ्या खिशात, गेम एकही नाही आणि भाचा तिकडे मुरबाडला. माझ्या पोटात धस्स झालं. पैशांसाठी नव्हे हो! त्या पोराला मी काय काय बोललो होतो, ते सगळं आठवलं.

रविवारी मी मुरबाडची एस.टी. पकडली. किन्हवली गेलं, सरळगाव गेलं, दोन्ही बाजूंना भाताची रोपं वर आली होती. पण माझं लक्ष बाहेर नव्हतं. 'कशी सुरुवात करावी?' एवढंच मनात घोळत होतं.

घरात शिरल्याशिरल्या मी म्हणालो, "माझं चुकलं रे. पैसे तू घालवले नव्हतेस."

तो वहीतून मान वर न करता म्हणाला, "फोन आणलाय का तुम्ही?"

ऐकलंत? 'तुम्ही'! एरवी मला "मामा, तू" म्हणणारा पोरगा. ते 'तुम्ही' मला चांगलंच लागलं.

मी फोन दिला. त्याने पैसे पाठवण्याचं ॲप उघडलं, त्यात 'ऑटोपे' असं लिहिलं होतं तिथे गेला आणि फोन माझ्यापुढे धरला. कंपनीचं नाव, दरमहा २९९ रुपये आणि परवानगी दिल्याची तारीख ९ एप्रिल.

"मी तुमच्याकडे आलो २ मे ला," तो म्हणाला. बस्स, एवढंच.

९ एप्रिल! आणि मग माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आसनगाव स्टेशनाबाहेर छत्री लावून एक तरुण उभा होता. "साहेब, फक्त एक रुपया! पाण्याची बाटली मोफत." गाडी पकडायची घाई होती. मी फोन त्याच्या हातात दिला. त्याने माझं नाव भरलं, आलेला ओटीपी विचारून घेतला आणि म्हणाला, "खात्रीसाठी एक रुपया, इथे पिन टाका." मी टाकला! मला वाटलं, एक रुपया दिला. प्रत्यक्षात मी दर महिन्याला पैसे कापायची परवानगी दिली होती. माझ्या नावाने, माझ्याच हाताने!

या सोयीला 'यूपीआय ऑटोपे' म्हणतात. ती जुलै २०२० मध्ये सुरू झाली. सोय म्हणून ती चांगलीच आहे. विजेचं बिल वेळेवर भरलं जातं. रिझर्व्ह बँकेचा नियम असा, की पहिल्यांदा ग्राहकाने पिन किंवा ओटीपीने मंजुरी द्यायची आणि पुढे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना मिळायला हवी. मग मला सूचना आली नव्हती का? आली होती की! रिचार्जच्या जाहिरातींच्या गर्दीत मी ती न वाचताच पुसून टाकली.

आमच्या लहानपणी पोस्टाने व्ही.पी. यायची. नको असेल तर पोस्टमनला "नको" म्हणायचं, की पार्सल परत. गणपतीची वर्गणी मागायला मुलं दारात येतात, पावती फाडतात. इथे मात्र आपण गप्प बसलो, की होकार धरला जातो! म्हणूनच केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकांना फसवणाऱ्या १३ युक्त्यांची यादी काढली, तिच्यात हा वर्गणीचा सापळाही आहे.

आणि यात अडाणी-शहाणा असं काही नसतं बरं का! याच मुरबाड तालुक्यातलं धसई २०१६ च्या डिसेंबरमध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून गाजलं होतं. यंत्रं आपल्याकडे कधीच आली आहेत. प्रश्न फक्त थांबून वाचण्याचा आहे.

मग आम्ही काय केलं? भाच्याने त्याच यादीतून परवानगी रद्द करायला लावली. त्यालाही पिन लागतो. नुसतं ॲप काढून टाकलं तर परवानगी तशीच राहते, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या दिवशी मी बँकेत लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली. सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि ग्राहकांच्या तक्रारींसाठी १९१५ हे क्रमांक आहेत, तिथेही कळवलं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. लाजून गप्प बसायचं नाही. लाज फसवणाऱ्याला वाटायला हवी!

माझे ५९८ रुपये अजून परत आलेले नाहीत. पण जुलैच्या त्या तारखेला मी डोळ्यांत तेल घालून फोन बघत होतो, आणि एक पैसाही गेला नाही.

आईबाबांनो, तुम्हालाही एक सांगतो. घरात पैसे गेले, की पहिला संशय पोरांवर घेऊ नका. आधी तारीख बघा. पैसे पुन्हा मिळवता येतात, पण पोराच्या मनाला लागलेलं पुसायला फार वेळ लागतो.

आणि मुलांनो, आज संध्याकाळी आईबाबांना शेजारी बसवून घरातल्या फोनमधली ही यादी त्यांच्याकडूनच उघडून घ्या. पिन मात्र त्यांचा त्यांनाच टाकू द्या. कदाचित एखादी न मागितलेली वर्गणी सापडेल!

भाचा दिवाळीत पुन्हा आला. कपाटावरची ती मोफतची बाटली बघून खो खो हसला. "मामा, तू पण ना! एका रुपयात बाटली मिळते का कुठे?"

'तू' म्हणाला! मला फार बरं वाटलं. बाटली अजून घरात आहे. पाणी भरलं की गळते.