खोडरबर आणू नका

परवा एडिटरचा फोन आला. ‘शिक्षकांवर एक मस्त पीस दे. एकदम इन्स्पायरिंग. वाचून रडू आलं पाहिजे.’ फ्रीलान्सर माणसाला नाही म्हणता येत नाही, महिनाअखेरीला तर अजिबातच नाही. हो म्हटलं आणि सगळ्यात आधी जे सुचलं ते केलं. ‘स्टँड अँड डिलिव्हर’ परत पाहिला.

मासकॉमला असताना हा १९८८चा सिनेमा आम्हाला एका लेक्चरला दाखवला होता. ईस्ट लॉस एंजेलिसमधली गारफिल्ड हायस्कूल, बहुतेक मुलं गरीब मेक्सिकन कुटुंबांतली, आणि बोलिव्हियाहून आलेले गणिताचे मास्तर हायमे एस्कालांते. १९८२ साली त्यांची १८ मुलं कॅल्क्युलसची एपी परीक्षा पास झाली. परीक्षा घेणाऱ्यांना ते पटलंच नाही. उत्तरपत्रिकांमधल्या चुका सारख्या दिसल्या म्हणून १४ जणांवर कॉपीचा संशय. त्यातली १२ मुलं परत परीक्षेला बसली आणि बाराही पास झाली. शेवटच्या सीनला आमचा अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता.

सिनेमात हे सगळं भराभर घडतं. या वेळी म्हटलं, जरा खरं काय ते वाचू या. एस्कालांते गारफिल्डमध्ये आले १९७४ साली. कॅल्क्युलसचा वर्ग सुरू झाला चार वर्षांनी. पहिल्या तुकडीत शेवटपर्यंत टिकली पाच मुलं आणि त्यातली पास झाली दोन. पुढच्या वर्षी नवातली सात.

पाचातली दोन! हा सीन सिनेमात कोण घेणार? पण मी तिथेच अडकले. कारण असा आकडा मी आधी एकदा ऐकला होता, डोंबिवलीत, आमच्या सरांच्या तोंडून.

आमच्या शाळेच्या गेटवर दरवर्षी जूनमध्ये बॅनर लागायचा, ‘दहावीचा निकाल १०० टक्के’. हे शंभर टक्के कसे येतात ते मला नववीत कळलं. बीजगणितात मला नऊ मार्क पडले होते. माझ्या बेंचवरच्या मैत्रिणीला अकरा. मोठ्या बाईंनी दोघींच्या घरच्यांना बोलावलं आणि गोड आवाजात सांगितलं की मुलीला झेपत नाहीये, १७ नंबरचा फॉर्म भरा. म्हणजे शाळेतून नाव काढायचं आणि दहावीला बाहेरून बसायचं. नापास झालीच तर शाळेच्या निकालाला धक्का नाही. किती सोय!

मैत्रिणीचे बाबा एमआयडीसीत शिफ्टवर होते. हाफ डे टाकून आले होते. त्यांनी उभ्याउभ्या सही केली आणि गेले. माझी आई मात्र सही न करता स्टाफरूममध्ये गेली आणि गणिताच्या सरांसमोर रडायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. सर मोठ्या बाईंना म्हणाले, ‘हिचं मी बघतो. नापास झाली तर माझ्या नावावर लिहा.’

दुसऱ्या दिवसापासून पहाटे साडेसहा. शाळा भरायच्या आधी, बायॉलॉजीच्या लॅबमध्ये. सर बदलापूरहून लोकलने यायचे, डोक्याला मफलर, हातात खडूची डबी. फी नाही. आम्ही नऊ जण होतो, सगळे ‘ढ’ म्हणून नावाजलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आमचे खोडरबर जमा करून घेतले. खोडायचं नाही. चूक झाली की एक रेघ मारायची, खाली परत लिहायचं. आणि ती चूक मागच्या पानावर उतरवायची. चुकांची वही!

मला वाटलं, शिक्षाच आहे ही. अपमान जपून ठेवायची वही. पण दिवाळीनंतर सरांनी माझी वही उघडली आणि म्हणाले, ‘मोज.’ चाळीस चुकांमधल्या तेवीस एकाच जातीच्या होत्या. उदाहरणार्थ, एक्स वर्ग वजा तीन एक्स वजा दहा बरोबर शून्य. सूत्र पाठ होतं. पण वजा दहाचा वजा मी प्रत्येक वेळी रस्त्यात टाकून यायचे. नऊ अधिक चाळीसच्या जागी नऊ वजा चाळीस. मग उणे एकतीसचं वर्गमूळ काढत बसायचे आणि शेवटी रडायचे. ‘तुला गणित येतं,’ सर म्हणाले, ‘तुला वजाबाकीचं चिन्ह दिसत नाही. चश्म्याचा नंबर तपासून घे आणि चिन्हाला गोल करायला शीक.’

(चश्म्याचा नंबर खरंच वाढला होता.)

बाकी त्यांच्याकडे काही जादू नव्हती. भाषण नाही, गोष्टी नाहीत, ‘तू करू शकतेस’ वगैरे तर कधीच नाही. उलट खवचट बोलायचे. बोर्डाच्या पेपरात प्रत्येक पायरीला मार्क असतात हे मात्र त्यांनी आमच्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. उत्तर येवो न येवो, सूत्र लिही, किमती घाल, पुढची ओळ लिही. कोरं पान ठेवून उठायचं नाही. मार्च २०१३च्या बोर्डात गणितात मी फर्स्ट क्लासचे मार्क काढले. आईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले.

तर गेल्या रविवारी एस्कालांतेंची गोष्ट घेऊन मी बदलापूरला गेले. सर आता रिटायर्ड आहेत. कान जरा मंद झालेत, खवचटपणा शाबूत. सिनेमाची स्टोरी त्यांनी नीट ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘त्या पाचातल्या बाकीच्या तिघांचं काय झालं?’

मला माहीत नव्हतं. मी ते शोधलंच नव्हतं.

सर उठून आत गेले आणि एक लांबडं रजिस्टर घेऊन आले. पहाटेच्या वर्गाचं. पहिलं वर्ष, सात नावं. पास झाली दोन. हा आकडा त्यांनी आम्हाला तेव्हाही सांगितला होता, मला वाटलं होतं घाबरवायला सांगतायत. उरलेल्या पाचांपुढे पेन्सिलीने बारीक काय काय लिहिलं होतं. ऑक्टोबरला सुटला. रिक्षा. लग्न. गॅरेज, चांगलं चाललंय. एकापुढे नुसतं प्रश्नचिन्ह.

आमच्या वर्षाच्या पानावर नऊच्या जागी दहा नावं होती. दहावं माझ्या मैत्रिणीचं. ती एक दिवसही त्या लॅबमध्ये आली नव्हती.

‘हिच्या बाबांना मी दोनदा घरी जाऊन भेटलो,’ सर म्हणाले. ‘सही झाली होती. दाखला गेला होता. एक दिवस आधी कळतं तर...’ पुढे बोलले नाहीत, चहा पीत राहिले. मग म्हणाले, ‘तुझ्या बेंचवर होती ना? कुठे असते?’

ती बाहेरून बसली, गणितात राहिली, परत बसली नाही, एवढं मला माहीत होतं. आता तिचं पार्लर आहे, माझ्या आईच्या घरापासून दोन स्टॉपवर. व्हॉट्सअ‍ॅपवर तिचे स्टेटस मी रोज बघते. फोन केलेला नाही. काय बोलणार? तुझे बाबा सही करून गेले आणि माझी आई रडली, एवढाच आपल्यातला फरक?

सरांना यातलं काही सांगितलं नाही. ‘नंबर आहे माझ्याकडे,’ म्हटलं. त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. मी पेनाने लिहायला लागले, घाईत तीनचा आठ झाला. गिरवून तीन करायला गेले तर सरांनी माझा हात धरला.

‘रेघ मार. खाली परत लिही.’