लिझ स्मिथ: एकोणपन्नासाव्या वर्षी आलेला निरोप

लिझ स्मिथ हे नाव तुमच्यापैकी फार जणांनी ऐकलं नसेल. चेहरा मात्र पाहिलेला असू शकतो. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' हा २००५ चा सिनेमा मुलांबरोबर टीव्हीवर पाहिला असेल तर आठवा. त्या वाकड्यातिकड्या घरात एकाच पलंगावर चार आजी-आजोबा पडलेले असतात. त्यातली मधूनच भलतंच काहीतरी बोलणारी जॉर्जिना आजी म्हणजे लिझ स्मिथ. सिनेमा आला तेव्हा बाईंचं वय होतं ८३.

महिला दिन जवळ आला की आपल्या ग्रुपांवर अशा बायकांचे फोटो फिरायला लागतात. खाली ठरलेली ओळ असते: 'वय हा फक्त आकडा आहे', नाहीतर 'जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही'. लिझबाईंचं आयुष्य या साच्यात अगदी चपखल बसतं. पण त्यांची गोष्ट नीट वाचली तर ती वेगळंच काही सांगते, आणि ते आपल्या गावाच्या उपयोगाचं आहे. म्हणून जरा लांबलचक लिहितेय. चहा घेऊन बसा.

बाईंचं मूळ नाव बेटी. जन्म ११ डिसेंबर १९२१ चा, इंग्लंडच्या लिंकनशायरमधल्या स्कन्थॉर्प या लोखंड-पोलादाच्या कारखान्यांच्या गावातला. दोन वर्षांची असताना आई बाळंतपणात गेली. सात वर्षांची झाली तेव्हा वडिलांनी दुसरा संसार मांडला आणि या मुलीला मागे ठेवून ते निघून गेले. वाढवलं आजी-आजोबांनी. आजोबा तिला सिनेमाला घेऊन जायचे. गावातल्या हौशी नाटकात ती लहानपणीच उभी राहिली. त्या वयातच तिला कळलं होतं की आपल्याला हेच करायचंय.

पण कळून काय होतं? दुसरं महायुद्ध आलं. बेटी ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात भरती झाली. या गोष्टीला आपल्या देशाचा धागा आहे तो इथे: नेमणूक हिंदुस्थानात झाली आणि इथेच तिची भावी नवऱ्याशी, जॅक थॉमसशी, ओळख झाली. १९४५ मध्ये लग्न झालं. पुढे एक मुलगी, एक मुलगा. १९५९ मध्ये घटस्फोट झाला. वय ३७, पदरात दोन मुलं, आणि घटस्फोटित बाईकडे लोक कसे बघायचे ते सांगायला नको. इंग्लंड असलं म्हणून काय झालं, १९५९ सालच ते.

इथून पुढची अकरा वर्षं बाईंनी मिळेल ते काम केलं. कारखान्यात, पोस्टात, दुकानात. बटलिन्सच्या सुट्टीच्या कॅम्पांमध्ये लोकांची करमणूक केली, फिरत्या नाटक कंपन्यांत मिळतील त्या भूमिका केल्या. त्यातून घरभाडं सुटायचं नाही, म्हणून पुन्हा दुसरी नोकरी.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांनी सोडली नाही. लंडनमध्ये नॉटिंग हिलच्या बाजूला गेटवे नावाचं छोटंसं थिएटर होतं, तिथे त्या जात राहिल्या. चार्ल्स मॅरोविट्झ हा अमेरिकन दिग्दर्शक तेव्हा लंडनमध्ये नटांचे वर्ग घ्यायचा, त्यातही त्या शिकल्या. हातात संहिता नसताना, एखाद्या माणसाच्या कातडीत शिरून, समोरच्याशी त्या क्षणी सुचेल तसं बोलायचं-वागायचं, हा त्या वर्गांमधला सराव. दिवसभर नोकरी, घरी दोन मुलं, आणि वेळ काढून ही तालीम. पैसे शून्य. पेपरात नाव नाही.

आता १९७० चा नाताळ. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर हॅम्लीज हे खेळण्यांचं प्रसिद्ध दुकान आहे. आता आपल्या मुंबई-पुण्याच्या मॉलमध्येही या नावाची दुकानं दिसतात, २०१९ पासून कंपनी रिलायन्सच्याच मालकीची आहे. तर त्या रीजंट स्ट्रीटच्या दुकानात नाताळच्या गर्दीत लिझबाई खेळणी विकत होत्या. तिथे त्यांना निरोप आला: एक तरुण दिग्दर्शक सिनेमा करतोय, त्याला मध्यमवयीन बाई हवी आहे, आणि ती संहितेशिवाय काम करू शकणारी हवी.

तो दिग्दर्शक म्हणजे माइक ली. पुढे जगभर नावाजला गेला, पण तेव्हा तिशीसुद्धा न गाठलेला पोरगा होता. त्याची कामाची पद्धत अशी की आधी संहिता नाहीच. नटांना घेऊन आठवडेच्या आठवडे तालमी करायच्या, त्यातून माणसं उभी करायची, आणि मग त्या माणसांची गोष्ट. 'ब्लीक मोमेंट्स' हा त्याचा पहिला सिनेमा १९७१ मध्ये आला. लिझबाईंनी त्यात एका मुलीची म्हातारी आई केली. आयुष्यातली पहिली नाव घेण्याजोगी सिनेमातली भूमिका, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी.

दोन वर्षांनी ली यांनी बीबीसीसाठी 'हार्ड लेबर' हा चित्रपट केला, आणि त्यात लिझबाई मध्यवर्ती भूमिकेत होत्या. मिसेस थॉर्नली ही सॅल्फर्डमधली कामकरी बाई. सकाळी सुखवस्तू घरात धुणं-पुसणं, संध्याकाळी स्वतःच्या घरात तेच. नवरा खेकसतो, मुलं आपापल्या नादात. ही बाई फार बोलतच नाही. खाली मान घालून घासते, पुसते, वाढते, पाठ चोळून देते. तिच्या गप्प चेहऱ्यावर सगळा सिनेमा तोलला आहे. असली भूमिका नाट्यशाळेतून नुकती बाहेर पडलेली मुलगी कशी करेल हो? अकरा वर्षं कारखान्यात आणि दुकानात उभ्या राहिलेल्या पायांनाच ते चालणं जमतं.

मग कामं येत गेली. बहुतेक सगळी छोटी: शेजारीण, सासू, मोलकरीण, चक्रम आत्या. आपण मराठीत ज्यांना चरित्र अभिनेत्री म्हणतो, तसं काम. पोस्टरवर फोटो नाही, पण त्या पडद्यावर आल्या की लोक सावरून बसायचे. १९८४ च्या 'अ ख्रिसमस कॅरल'मध्ये त्या मिसेस डिल्बर होत्या, मेलेल्या माणसाच्या घरातलं सामान उचलून विकणारी बाई. त्याच वर्षीचा 'अ प्रायव्हेट फंक्शन' मात्र जमलं तर शोधून पाहाच. गोष्ट १९४७ ची, रेशनिंगच्या काळातली. राजकन्या एलिझाबेथचं लग्न आहे, मटणाची टंचाई आहे, आणि गावातल्या बड्या मंडळींनी मेजवानीसाठी एक डुक्कर चोरून पाळलंय. ते डुक्कर एक साधा पायाचा डॉक्टर पळवून घरात आणतो. त्याच्या बायकोच्या भूमिकेत मॅगी स्मिथ, आणि तिची म्हातारी आई म्हणजे आपल्या लिझबाई. घरात डुक्कर, त्याचा तो वास, आणि सगळं लपवण्याच्या धांदलीत गोंधळून गेलेली म्हातारी. हसून पोट दुखतं. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. वय ६३. गंमत म्हणजे ज्या मॅगी स्मिथची त्या आई झाल्या होत्या, ती त्यांच्यापेक्षा जेमतेम तेरा वर्षांनी लहान!

पुढे ग्रीनअवेच्या 'द कुक, द थीफ, हिज वाइफ अँड हर लव्हर'मध्ये त्या होत्या. 'वॉलेस अँड ग्रोमिट'च्या मोठ्या सिनेमात मिसेस मल्चचा आवाज त्यांचा. इंग्लंडमधल्या घराघरांत त्या पोचल्या टीव्हीमुळे. 'द व्हिकार ऑफ डिब्ली'मधली विचित्र पदार्थ करून लोकांना खायला घालणारी बाई, आणि १९९८ पासूनच्या 'द रॉयल फॅमिली'मधली नाना, म्हणजे आजी. २००६ मध्ये या मालिकेच्या 'द क्वीन ऑफ शीबा' या विशेष भागात ही नाना दिवाणखान्यात टाकलेल्या पलंगावर शेवटचे दिवस काढते. आजारपण, चेष्टामस्करी, माया, सगळं त्याच एका खोलीत. विनोदी मालिकेच्या त्या भागानं लोकांना रडवलं. वय ८४.

पुरस्कार मोजून झाले. आता दुसरा हिशोब करू.

पंचविशी ते एकोणपन्नास म्हणजे चोवीस वर्षं. नट म्हणून उमेदीची म्हणतात ती वर्षं. त्या काळातलं त्यांचं एकही मोठं काम आज आपल्याला पाहता येत नाही, कारण ते झालंच नाही. ती चोवीस वर्षं परत आलेली नाहीत. वय हा नुसता आकडा असता तर त्यांचे हे आकडे असे बोचले नसते. म्हणून त्या फॉरवर्डचा मला राग येतो. त्यात सगळा भार बाईच्या जिद्दीवर टाकलेला असतो. जमलं तर तिची जिद्द, नाही जमलं तर तिचीच कमी. मधल्या मधे समाज मोकळा.

लिझबाईंकडे जिद्द होतीच. पण ती टिकून राहिली कशाच्या आधारावर? एक, जायला जागा होती: एक छोटं थिएटर, एक वर्ग, जिथे तिशी-चाळिशीची, दोन मुलांची आई गेली तर 'आता या वयात काय' म्हणून कुणी परत पाठवत नव्हतं. दोन, मध्यमवयीन बाईला मध्यवर्ती ठेवून गोष्ट सांगावी असं एका दिग्दर्शकाला वाटलं. आणि तीन, मोलकरणीच्या गोष्टीला पैसे द्यायला बीबीसीसारखी सार्वजनिक संस्था तयार होती. या तिन्हीपैकी एक गोष्ट नसती, तर लिझ स्मिथ हॅम्लीजमधूनच निवृत्त झाल्या असत्या. त्यांच्यासारख्या किती झाल्या असतील, त्यांचे फोटो कुठल्याच ग्रुपवर फिरत नाहीत.

आपल्याकडचं बघा. सरकारी नोकरीला खुल्या प्रवर्गासाठी साधारण ३८, मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा. मुलं जरा मोठी होऊन बाई मान वर काढते, तेव्हा ती रेषा ओलांडून गेलेली असते. खासगीत तर लिहिलेलंही नसतं. मी स्वतः ४४ व्या वर्षी पुन्हा नोकरी शोधायला निघाले, तेव्हा एका ठिकाणी मुलाखतीत पहिला प्रश्न आला, 'मॅडम, मधली बारा वर्षं काय करत होता?' दोन मुलं, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि एक अख्खं घर सांभाळत होते, हे उत्तर त्यांच्या फॉर्मवर लिहायला रकानाच नव्हता. समोरचा मुलगा वाईट नव्हता. त्याला फॉर्मच तसा दिलेला होता.

नाटकाचं तर विचारू नका. आमच्या हौशी ग्रुपमध्ये चाळिशीच्या पुढच्या सात जणी आहेत. त्यातल्या दोघी अशा आहेत की तालमीत उभ्या राहिल्या की बाकीचे आपली वाक्यं विसरतात. तालमीला जागा नाही. सार्वजनिक पैशातून बांधलेलं सभागृह लग्नं आणि वाढदिवस यांच्यासाठी आहे, भाडं हजारांत, आणि संध्याकाळी रिकामं असलं तरी कुलूप. कुणाच्या तरी गच्चीवर तालीम करायची, नऊ वाजले की खालून हाक येते. अशानं एकेक जण गळत जाते. गळताना ती 'आता जमत नाही गं' एवढंच म्हणते, आणि आपण समजतो की हिची हौस संपली.

म्हणून माझं मागणं साधं आहे. नगरसेवक होऊ इच्छिणारे दारात येतील, तेव्हा त्यांना एवढंच विचारा: आठवड्यातून दोन संध्याकाळ, सहा ते नऊ, ते सभागृह हौशी कलाकारांना नाममात्र भाड्यात देणार का? हो की नाही? जे एकांकिका लिहितात त्यांनाही सांगणं आहे. तुमच्या नाटकात चाळिशीपुढची बाई चहा आणून देऊन विंगेत जाते. तिला एकदा बसू द्या की रंगमंचावर. आणि ज्यांच्या हातात नोकऱ्या आहेत त्यांनी त्या 'मधल्या वर्षां'साठी फॉर्मवर एक रकाना वाढवावा.

लिझबाईंना २००९ मध्ये एमबीई हा किताब मिळाला. त्याच वर्षी पक्षाघाताचे झटके आल्यावर, ८७ व्या वर्षी, त्यांनी काम थांबवलं. २४ डिसेंबर २०१६ रोजी, ९५ व्या वर्षी त्या गेल्या. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिलं होतं 'अवर बेटी', म्हणजे आपली बेटी.

तुमच्या ओळखीत अशी कुणी असेल, जिची तालीम, गाणं, शिवणकाम, लिखाण, काहीही, जागेअभावी किंवा वयाच्या अटीपायी थांबलंय, तर तिचं नाव नको, पण काय अडलंय ते खाली लिहा. मी यादी करतेय. पुढच्या महिन्यात ती घेऊन आम्ही चौघीजणी सभागृहाच्या प्रश्नावर निवेदन द्यायला जाणार आहोत. सोबत यायचं असेल तर तेही कळवा.