पाण्यातला चष्मा

आमच्या लोहारा-उमरग्याकडं पोराच्या पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा आणि त्याला विहिरीत ढकलायचं. डबा नसला तर वाळका भोपळा. आठ-पंधरा दिवसांत पोरगं हात मारायला लागतं. या शिकवणीत डोळ्यांचा विचार कुणीच करत नाही. पाण्यात डोळे उघडले की सगळं हिरवट आणि धुरकट दिसतं, वर आलं की डोळे गुंजेसारखे लाल. त्यामुळं घरी खोटं बोलायची सोयच नव्हती. आई डोळे बघूनच फोक शोधायची.

पाण्यात घालायचा चष्मा असतो हे मला टीव्हीमुळं कळलं. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फेल्प्सच्या गॉगलात ऐन शर्यतीत पाणी शिरलं होतं. पुढची भिंत दिसेना, तर गडी हात मोजत पोहला आणि सोन्याचं पदक घेऊनच बाहेर आला. पेपरात हे वाचलं आणि मी तो विषय सोडून दिला. जगातल्या एक नंबरच्या माणसाच्या चष्म्यात पाणी जातं, तिथं आपली काय कथा!

2022 च्या मे महिन्यात नात पुण्याहून आली. ती तलावावर क्लास लावून पोहायला शिकलेली, पण गॉगल घरी विसरला. त्याच्याबिगर विहिरीत उतरायला तयार नाही. मला धाराशिवला (तेव्हा कागदावर उस्मानाबाद) काम होतंच, तिला संगं घेतलं.

दुकानदारानं खिळ्यावरचे चार-पाच गॉगल पुढं टाकले. म्हणाला, "पट्टा घट्ट ओढा, थेंब आत जायचा नाही." पोरीनं पट्ट्याला हातच लावला नाही. दोन्ही वाट्या नुसत्या डोळ्यांवर दाबल्या आणि हात सोडले. दोन गॉगल लगेच गळून पडले, तिसरा जरा वेळ चिकटून राहिला. म्हणाली, "आबा, पाणी रबर अडवतं. पट्टा नुसता धरून ठेवायला असतो."

मला ते लगेच पटलं. जू बैलाच्या खांद्याला बसलं नाही तर जुपणी कितीही आवळा, खांदा सुजणारच. पाइपाच्या जोडाचंही तसंच. वायसर नीट बसला नसला तर पाना ओढून उपयोग नाही, उलट एका अंगानं जास्त आवळलं की दुसऱ्या अंगानं गळतं.

मग तिनं एक माझ्याही तोंडाला लावून बघितला. माझे डोळे खोल आणि गालाची हाडं वर आलेली. नाकाच्या अंगाला फट राहायला लागली. डबीत नाकावरच्या जोडाचे तीन तुकडे होते. मधला काढून लहान घातला तेव्हा कुठं बसला. काचेवरून मात्र आमचं भांडण झालं. तिला आरशासारखी जांभळी काच पाहिजे होती. ती उघड्या तलावावर उन्हात बरी. विहिरीत ऊन पडतं दुपारी घटकाभर, तिथं काळी-जांभळी काच कशाला? शेवटी दोन्ही बिनरंगी काचेचे घेतले.

घरी आल्यावर तिनं मला वापरायचं शिकवलं. पट्टा कानावरून घ्यायचा नाही, डोक्याच्या मागं वरच्या अंगाला ठेवायचा. काच आतून बोटानं पुसायची नाही, वाफ न धरण्यासाठी तिथं लेप असतो. लेप गेला तर थुंकी लावून खळबळून घ्यायची. "तंबाखूची नको हं आबा," हेही बजावलं.

डोळा पाण्यात आंधळा का होतो, तेही तिच्याचकडून कळलं. डोळ्याला नीट दिसायला त्याच्यापुढं हवा लागते, चष्मा तेवढी वाटीभर हवा धरून ठेवतो. नाक मात्र बाहेर राहतं. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो, वाट्यांतली हवा आवळते आणि वाट्या डोळे ओढायला लागतात. समुद्रात बुडी मारणाऱ्यांच्या मुखवट्यात नाक आत असतं, नाकानं हवा सोडून दाब सारखा करता येतो. यात ती सोय नाही. म्हणून पोरांना ताकीद दिली, गॉगल आहे म्हणून तळ गाठायला जायचं नाही.

आमची विहीर बहात्तरच्या दुष्काळातली, आठ परस. आण्णांनी पहार, घण आणि सुरुंगावर पाडलेली. 2020 च्या ऑक्टोबरातल्या अतिवृष्टीत मोटरीच्या अंगाचं कडं ढासळलं. दगड आत गेले. पुढच्या वर्षीही पाऊस दणकून झाला, विहीर काही आटली नाही, त्यामुळं ते दगड कुठं बसलेत कुणालाच माहीत नव्हतं. पोरं त्याच अंगानं सूर मारत होती.

दुपारच्या उन्हात मी कमरेला दोर बांधून उतरलो. पहिल्या बुडीतच मांजऱ्या दगडावर आण्णांच्या सुरुंगाची भोकं दिसली, उभी, अर्धी उकललेल्या शेंगेसारखी. 2016 ला विहीर कोरडी पडली तेव्हाही ती दिसली होती, पण तेव्हा विहिरीकडं बघवत नव्हतं. आता त्यांच्यापुढनं बारके मासे फिरत होते. मी तिथंच रेंगाळलो. वरनं पोराची हाक आली, "आण्णा, काय करायलाव खाली?"

दुसऱ्या बुडीला दीड परसावर वाट्या डोळे ओढायला लागल्या आणि तिथंच तो दिसला. कड्याचा घडीव दगड कपारीत अडकलेला, धार वर केलेली. बरोबर सूर मारायच्या जागेखाली.

त्याच दिवशी सांजच्याला कडेला चुन्याचा पट्टा ओढला आणि त्या अंगानं उड्या बंद केल्या. पावसात पट्टा धुऊन गेला की पुन्हा ओढायचा. 2024 च्या उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं तेव्हा चौघांनी दोर लावून दगड वर काढला. आता गोठ्यापुढं पडलाय, त्यावर धुणं धुतात. माझ्या गॉगलचं रबर खुंटीवर राहून कडक झालंय, नाकापाशी धरत नाही. नातीला सांगून ठेवलंय, येताना दुसरा आण, बिनरंगीच.