ब्रेडवरची कढी

बाजारातली सँडविच स्प्रेडची बाटली आमच्या घरी टिकत नाही. पोरं ते ब्रेडला लावतात, पोळीला लावतात, कुणी बघत नसलं की चमच्यानंही खातात. एकदा बाटलीवरची यादी वाचली, तर सुरुवातीलाच सोयाबीनचं तेल. इथे डोणगावच्या शिवारात जिकडेतिकडे सोयाबीन, आणि आपण ते मेहकरहून बाटलीत भरून विकत आणतो! घरीच करायचं ठरवलं ते निम्मं ह्या रागानं.

बेत सोपा होता: घट्ट चक्का, त्यात कोबी, गाजर, सिमला मिरची. भाज्या किसल्या, चक्क्यात मिसळल्या, मीठ-मिरपूड घातली. चव घेतली, झकास. तासाभरानं डबे भरायला घेतले तर वाडग्यात पाणी तरंगत होतं आणि ब्रेडचा लगदा. सासूबाईंनी वाकून पाहिलं. "काय वं, ब्रेडवर कढी वाढली का?"

चूक अगदी बाळबोध होती. मीठ लागलं की भाजीतलं पाणी बाहेर येणारच. कोशिंबिरीत मीठ मी ऐनवेळी घालते, खमंग काकडीसाठी काकडी पिळून घेते, हे हाताला वर्षानुवर्षं ठाऊक आहे. पण पदार्थाचं नाव इंग्रजी असलं की आपण आपलं शहाणपण चपलांसोबत दाराबाहेर ठेवतो. आता किसलेल्या कोबी-गाजराला आधी मीठ चोळते, पंधरा-वीस मिनिटं ठेवते आणि फडक्यात घालून घट्ट पिळते. वाटीभर किसाची मूठभर भाजी उरते, तेव्हा जीव हळहळतो खरा. सिमला मिरची किसायची नाही, बिया काढून बारीक चिरायची.

तरीही मिश्रण गुळगुळीत होईना, म्हणून चक्का मिक्सरला लावला. ही त्याहून मोठी चूक. चक्का घट्ट असतो तो दुधातल्या प्रथिनांच्या जाळीमुळे, पाणीही तीच धरून ठेवते. पात्यानं जाळी फाडली आणि जवळजवळ मठ्ठाच झाला. त्याच भांड्यात कांदा फिरवला होता, तो कडवट झाला ते वेगळंच. चक्का चाळणीतून हातानं घासून घेतला की हवा तसा मऊ होतो. श्रीखंडासाठी आपण तेच करतो ना? कांदा सुरीनं चिरावा, नाहीतर घालूच नये.

उन्हाळ्यातली फजिती निराळी. मे महिन्यात दह्याचं गाठोडं रात्रभर खुंटीला टांगलं. आमच्याकडच्या उकाड्यात ते सकाळपर्यंत इतकं आंबलं की दात शिवशिवले. आता चाळणीत फडकं, खाली पातेलं आणि सगळं फ्रिजमध्ये. लाईन गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही, एवढाच दंडक.

मधेच दूध-तेलाचं बिनअंड्याचं मेयोनीज करण्याची हौस आली. दूध कोमट, तेल घाण्यावरचं करडईचं, तेही एकदम ओतलेलं. तेल वर, दूध खाली, आणि घरभर वास. थंड दुधात बिनवासाचं तेल बारीक धारेनं सोडत गेलं की ते जमतं. पण चक्का असताना तेवढं तेल पोटात कशाला घालायचं, असं माझं मत झालं आहे.

सध्या वाटीभर चक्क्याला पाऊण वाटी पिळलेली भाजी घेते, चमचाभर साय, मोहरीची पूड, चिमूटभर साखर. मीठ चाखून, कारण भाजीत ते आधीच मुरलेलं असतं. ब्रेडला अगोदर लोण्याचा पातळ हात द्यायचा, म्हणजे ओल आत उतरत नाही. दोन दिवसांत संपवायचं. सासूबाईंच्या वाट्यात हिरव्या मिरचीचा ठेचा पडतो आणि ब्रेडऐवजी ज्वारीची भाकरी असते. पोरांना बाटलीतलंच जास्त आवडतं, ते गोड असतं म्हणून. चक्क्याखालचं पाणी कणकेत जातं आणि भाजीचं वरणात. त्या दिवशी वरणाला मीठ बेतानंच घालावं लागतं.