भूत दिसलं तरी घर का सोडत नाहीत?

हॉरर सिनेमा चार जणांत बघायला बसलात की त्यातला एक जण विसाव्या मिनिटाला हमखास विचारतो, ‘अरे, पण हे लोक घर सोडून जात का नाहीत?’ रात्री तीनला दारं आपटतायत, पोरगी कपाटाशी गप्पा मारतेय, कुत्रा घरात पाऊल टाकायला तयार नाही. आणि हे सकाळी उठून निवांत अंडी तळतायत! लॉजिक कुठंय?

लॉजिक आहे. ते घराच्या कागदपत्रांत आहे.

१९७९चा ‘द ॲमिटीव्हिल हॉरर’ घ्या. लुट्झ कुटुंब ८० हजार डॉलरला भलंमोठं घर घेतं. स्वस्तात मिळतं, कारण तिथे आधी एका अख्ख्या कुटुंबाचा खून झालेला असतो. सिनेमात माश्या आहेत, काळा चिखल आहे, पण मला सगळ्यात जास्त धडकी भरली ती लग्नाच्या जेवणाचे रोख १५०० डॉलर घरातून गायब होतात तेव्हा. या सिनेमाची खरी भीती पैशांची आहे, असं स्टीफन किंगनेही लिहून ठेवलंय. ‘द कॉन्ज्युरिंग’मधल्या पेरॉन कुटुंबाला पाच मुली, आणि होता नव्हता तो पैसा घरात अडकलेला. आपल्याकडच्या ‘भूत’मध्ये (२००३) अजय देवगण उंच इमारतीतला फ्लॅट भाड्याने घेतो. तो इतका स्वस्त का, हे त्याला ठाऊक असतं, फक्त बायकोला तो सांगत नाही.

म्हणजे पटकथेतलं भोक म्हणून आपण ज्याला हसतो, ते भोक बहुतेक वेळा खिशाला असतं.

माझा हिशोब सांगते. कोथरूडला वन बीएचके, भाडं २४ हजार, दोघींत निम्मं निम्मं. रूममेटचं लग्न ठरलं, ती गेली. त्याच सुमारास माझ्या कंपनीत ‘फंडिंग येतंय’ हे वाक्य सुरू झालं आणि पगार दोन महिने त्या वाक्यावर अडकला. पगार नाही, पण आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायचंच, त्यामुळे गावी जाऊन राहायची सोय नाही. ‘मग स्वस्त घर बघ ना,’ सगळे म्हणतात. बघितलं. धायरीला १५ हजारांत मिळत होतं. डिपॉझिट तीन महिन्यांचं, म्हणजे ४५. एजंटचे १५. टेम्पोचे ५. दरमहा ९ हजार वाचवायला आधी ६५ हजार हातात हवेत. जुनं डिपॉझिट मिळणार चावी दिल्यावर, तेही रंगकामाचे पैसे कापून. घरात राहायला लागत नाहीत तेवढे पैसे घरातून निघायला लागतात. भुताला हे गणित माहीत असणार.

आणि निघालं तरी सुटका आहेच असं नाही. ‘इन्सिडियस’मधलं कुटुंब शहाण्यासारखं दुसऱ्या घरी जातं. भूतही मागोमाग जातं. लेखकांनी प्रेक्षकांच्या प्रश्नावर काढलेला हा पॅच मला फार आवडतो.

झोप लागत नाही म्हणून हल्ली मी फ्रँचायझी ओळीने बघते. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’च्या १९८०च्या पहिल्या भागात खुनी जेसन नाहीच, त्याची आई आहे. लहानपणी बुडालेला जेसन दुसऱ्या भागात चांगला धटिंगण होऊन येतो. १९८४च्या भागाचं नावच ‘द फायनल चॅप्टर’, आणि १९८५ला पुढचा भाग हजर. १९८६ला तो विजेच्या झटक्याने थडग्यातून उठतो. नंतर अंतराळातही जातो. कॉलेजात आम्ही याला हसायचो. आता महिन्याची पाच तारीख जवळ आली की जेसनचं लॉजिक मला चोख वाटतं. गेल्या महिन्यात निपटवलं होतं ना? हो. तरी आलं.

‘सॉ’ तर याच्या पुढचा. त्यातला जॉन क्रेमर तिसऱ्या भागातच मरतो, पण त्याच्या टेप आणि त्याचे चेले पुढचे कित्येक भाग सापळे चालवतात. माझ्या धंद्यात हे नवीन नाही. लिहिणारा नोकरी सोडून जातो, त्याचा क्रॉन जॉब रात्री दोनला चालतोच. २००९च्या सहाव्या भागात सुरुवातीलाच दोन सावकारी कर्ज देणारे सापळ्यात अडकतात आणि मुख्य सावज असतो विमा कंपनीतला साहेब, ज्याने कॅन्सर झालेल्या क्रेमरच्या उपचाराचे पैसे नाकारलेले असतात. सीक्वेलमध्ये खलनायकाला असा भूतकाळ मिळतो, आणि मग त्याला नुसतं घाबरता येत नाही.

माझे घरमालक काका तोवर माझ्यासाठी व्हॉट्सॲपवरची दोन निळ्या टिकांची दहशत होते. शेवटी मी खाली जाऊन म्हणाले, ‘काका, या महिन्यात जरा मागेपुढे होईल. पंधरापर्यंत देते.’

‘अगं, तू पळून जाणार नाहीस हे माहितीये मला,’ ते म्हणाले. ‘पण हिचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं. तिथे पंधरा तारीख चालत नाही.’

त्यानंतर मला रागवायलाही कोणी उरलं नाही.

२०१८च्या ‘हॅलोविन’चा मला हेवा वाटतो. त्यांनी १९७८च्या मूळ सिनेमानंतरचे सगळे भाग सरळ रद्द केले. दुसऱ्या भागात जोडलेलं भावाबहिणीचं नातंसुद्धा गेलं. स्लेट कोरी. पण नीट बघा, त्यातली लॉरी चाळीस वर्षांनंतरही त्या एका रात्रीच्या तयारीतच जगतेय, घराचा किल्ला करून, बंदुका साठवून. कथा पुसता आली, भीती नाही.

पंधराला मी साठवणीतले १२ हजार काकांना दिले. त्यांनी चष्मा लावून वहीत रक्कम लिहिली, तारीख घातली आणि खालच्या ओळीत ‘बाकी १२,०००’ असं लिहिलं. मग आतून काकूंनी हाक मारली म्हणून ते उठले. वही उघडीच राहिली. बाकीच्या पुढची जागा त्यांनी कोरी सोडली होती.